जुना ड्रायर घरी आणताना

क्रांती चौकातून पैठण गेटकडे, उस्मानपुऱ्याकडे किंवा अदालत रस्त्याने महावीर चौकाकडे निघाले, की खाली दुकान आणि वर घर अशा इमारती आजही दृष्टीस पडतात. व्यापारी कुटुंबाला ही रचना सोयीची वाटते. दुपारचे जेवण गरम मिळते आणि रात्री शटर ओढले की घर गाठायला एक जिनाच चढावा लागतो. परंतु या घरांची एक अडचण पावसाळा उतरू लागला की उघडी पडते. छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते आणि शहराच्या पुष्कळ भागांत ते रोज येत नाही. मध्ये कित्येक दिवसांचे अंतर पडते. साहजिकच ज्या दिवशी नळाला पाणी, त्या दिवशी धुणे, अशी रीत घराघरांत पडली आहे. आठ माणसांच्या एकत्र कुटुंबात आठवड्याचे धुणे एकाच सकाळी निघते आणि नेमका त्याच दिवशी आषाढाचा पाऊस लागून राहतो.

एरवी या शहरात कपडे वाळवणे हा प्रश्नच नाही. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चैत्र-वैशाखात गच्चीवर टाकलेली चादर तासाभरात कडक होते. वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे कपडे वाळवण्याच्या यंत्राची गरज वर्षातून तीन, फार तर चार महिने. तेच महिने चातुर्मासाचे असतात. पूजेची धूतवस्त्रे रोज लागतात, पर्युषणात पाहुण्यांची वर्दळ असते, आणि ओले वस्त्र पडून राहून त्यावर बुरशी धरू देऊ नये हा तर जैन घरांतला जुना दंडक. चार महिन्यांच्या गरजेसाठी नव्या यंत्रात मोठी रक्कम गुंतवण्यापेक्षा वापरलेला ड्रायर घ्यावा, हा विचार म्हणून व्यापारी मनाला सहज पटतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांतून बदली होऊन जाणारी कुटुंबे सामान विकत असतात; परदेशातून परतलेल्यांच्या सामानातही असे यंत्र असते.

विचार चुकीचा नाही. चूक होते ती हिशेबात. कोणताही व्यापारी माल घेताना केवळ खरेदीचा भाव पाहत नाही. वाहतूक, हमाली, घट, गोदाम असे सारे धरून माल दुकानात किती रुपयांना येऊन पडतो ते पाहतो. तोच व्यापारी घरासाठी जुना ड्रायर घेताना मात्र विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर खूश होतो. त्या यंत्राला लागणारी विजेची स्वतंत्र लाइन, अर्थिंग, भिंतीतून हवा बाहेर काढण्याची वाट, हे सारे त्या आकड्याच्या बाहेर असते. पुष्कळदा हा खर्च यंत्राच्या किमतीच्या बरोबरीने जातो. तो टाळला, की यंत्र जुन्या फळीवर, एक्स्टेंशन बोर्डावर, मोरीच्या कोपऱ्यात उभे राहते आणि खरी जोखीम तेथून सुरू होते.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे ड्रायर हा शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला सर्वत्र ड्रायर म्हणतात, पण तो कपडे वाळवीत नाही, गरगर फिरवून पाणी पिळून काढतो. बाहेर आलेले कपडे दमट असतातच. खरा ड्रायर गरम हवेत कपडे उलटसुलट फिरवून त्यांतील पाण्याची वाफ करतो. जुन्या सामानाच्या दुकानात ‘ड्रायर आहे का’ असे विचारले आणि फिरणारा टब पुढे आला, तर त्यात दुकानदाराचा दोष नाही.

या दोन कामांतील फरक विजेच्या बिलात स्पष्ट दिसतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला, काहीही वाया न जाता, सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा लागतेच; हा निसर्गाचा नियम आहे, त्यात कंपनी कोणती यावर काही अवलंबून नाही. तेच पाणी फिरवून पिळून काढायला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. म्हणून ज्या घरातील वॉशिंग मशीन मिनिटाला १२०० ते १४०० फेऱ्यांनी पिळू शकते, त्या घराला ड्रायर कमी वेळ चालवावा लागतो, आणि लहान कुटुंबाला तर जोरदार पिळणी व खोलीतला पंखा एवढ्यावर पावसाळा काढता येतो. चार माणसांच्या घराने ड्रायरच्या वाटेला जाण्यापूर्वी हा प्रयोग एक पावसाळा अवश्य करून पाहावा. ज्या घरांत चातुर्मासात विजेच्या उपकरणांची मर्यादा पाळली जाते, तेथे तर प्रश्न याच ठिकाणी संपतो.

तरीही यंत्र हवेच असेल, तर त्याची जात ओळखली पाहिजे. सर्वांत साधा आणि जुन्यांत सर्वांत स्वस्त मिळणारा प्रकार म्हणजे दमट गरम हवा नळीवाटे बाहेर फेकणारा व्हेंटेड ड्रायर. दुसरा कंडेन्सर ड्रायर. तो वाफेचे पुन्हा पाणी करून आतल्या टाकीत साठवतो, ती टाकी दर फेरीनंतर रिकामी करावी लागते. या दोहोंना साधारण २००० ते २५०० वॅट वीज लागते. तिसरा हीट पंपाचा. तो फ्रीजसारख्या कॉम्प्रेसरवर चालतो, हजार वॅटच्या आत भागवतो, पण वेळ अधिक घेतो आणि बिघडला तर दुरुस्ती सोपी नसते. जुना हीट पंप ड्रायर स्वस्तात मिळत असेल, तर तो स्वस्त का आहे हे आधी विचारावे.

चौथा प्रकार धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणारा. जागेची बचत होते म्हणून याचा मोह फार होतो. मात्र या जातीच्या अनेक यंत्रांत, विशेषतः जुन्यांत, वाफेचे पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी वापरले जाते. म्हणजे कपडे वाळवतानाही पाणी खर्च होते. ज्या शहरात नळाची वाट पाहावी लागते, तेथे ही गोष्ट खरेदीपूर्वीच कळायला हवी. घरी आणल्यावर गच्चीवरची टाकी लवकर का संपते याचा शोध घेत बसावे लागू नये. शिवाय अशा यंत्राची वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेहून कमी असते. एका वेळी धुतलेले सारे कपडे एका वेळी वाळत नाहीत, आणि पाण्याच्या दिवशी ढीग साचतो तो साचतोच.

परदेशातून आलेल्या सामानाविषयी एक इशारा. अमेरिकेतील घरगुती विजेवर चालणारा ड्रायर २४० व्होल्टचा असतो हे ऐकून तो भारतात चालेल असे वाटते, पण तेथील जोडणी निराळी असते. त्या यंत्राचा हीटर २४० व्होल्टवर आणि मोटर बहुधा १२० व्होल्टवर चालते. वारंवारताही ६० हर्ट्झ, आपली ५०. नात्यातल्या कोणी प्रेमाने कंटेनरमधून पाठवला तरी तो येथे लावण्याच्या भानगडीत पडू नये. युरोपातील यंत्रे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असल्याने चालतात. यंत्राच्या पाठीवर किंवा दाराच्या कडेला असलेल्या धातूच्या पट्टीवर व्होल्ट, वॅट आणि मॉडेल क्रमांक छापलेला असतो. ती पट्टी खरवडलेली असेल तर सौदा तेथेच सोडावा.

पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणखी एका कारणाने महत्त्वाचा. २०१५ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या उत्पादकाने जाहीर केले, की २००४ पासून विकलेल्या त्याच्या लाखो ड्रायरांत कपड्यांचे तंतू हीटरवर पडून पेट घेण्याचा धोका आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील १८ मजली इमारतीत लागलेली आग अशाच सदोष ड्रायरमुळे लागल्याचे निष्पन्न झाले. पुढे २०१९ मध्ये दुरुस्त न झालेली यंत्रे परत मागवण्यात आली. नवे यंत्र घेणाऱ्याला अशी सूचना कंपनीकडून पोहोचते. जुने घेणाऱ्यापर्यंत ती कोणी पोहोचवत नाही. क्रमांक घेऊन उत्पादकाच्या ग्राहक सेवा केंद्राकडे विचारणा करणे हे काम त्याचे त्यालाच करावे लागते. सुटे भाग अजून मिळतात का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

पाहणी दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी यंत्र चालू करूनच व्हावी. रिकामे यंत्र पाच मिनिटे फिरवून दाखवतात, त्याने काही कळत नाही. दोन-तीन ओले टॉवेल बरोबर न्यावेत आणि निदान अर्धा तास चालवून पाहावे. टॉवेल गरम व्हायला हवेत, पण जळका वास येता कामा नये. ड्रम बंद असताना हाताने फिरवला तर तो घासत, कुरकुरत फिरतो का ते पाहावे. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील, तर यंत्र आजवर सैल सॉकेटवर चालले आहे. तंतू अडवणारी जाळी फाटलेली असेल, तर आतल्या पोकळीत वर्षानुवर्षांचा कापूस साचला आहे असे समजावे. आणि एक प्रश्न सरळ विचारावा: थर्मल फ्यूज किंवा थर्मोस्टॅट कधी ‘डायरेक्ट’ केला आहे का? यंत्र अति तापले की वीज तोडणारा हा छोटा भाग गेला, तर नवा घालण्याऐवजी दोन तारा जोडून देण्याची सवय काही दुरुस्तीवाल्यांना असते. यंत्र चालते, पण त्याला थांबवणारा कोणी उरत नाही. उत्तरावर भरवसा नसेल तर पाठ उघडून वायरमनला दाखवावे. मूळ बिल मागावे; ते नसेल तर विकणाऱ्याकडून यंत्राच्या क्रमांकासह सही केलेली पावती तरी घ्यावी.

आता बसवण्याचा भाग, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

२५०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ११ अँपिअर वीज ओढते. इस्त्रीही बरीच वीज घेते, पण ती तापली की थांबते. ड्रायर तास-सव्वा तास जवळजवळ अखंड ओढत राहतो. सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर तो लावणे म्हणजे त्या तारेलाच हीटर बनवणे होय. त्याला मुख्य वितरण फळीपासून थेट आलेली स्वतंत्र लाइन हवी, किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, अंतर मोठे असेल तर ४ ची, १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट, त्याचा स्वतःचा एमसीबी आणि विजेची गळती होताच, झटका जिवावर बेतण्यापूर्वी वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी आहे म्हणजे सारे सुरक्षित, हा समज अर्धा खरा आहे. भार वाढला किंवा शॉर्ट झाला तर तो पडतो. परंतु सॉकेटमध्ये पिन सैल बसून तेथे ठिणगी व उष्णता निर्माण होत असेल, तर ती त्याला दिसत नाही. म्हणून पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर यंत्र बंद करून प्लग काढावा आणि पिना हाताला कितपत गरम लागतात ते पाहावे. चटका बसत असेल तर सॉकेट बदलल्याशिवाय यंत्र पुन्हा लावू नये.

अर्थिंगची गोष्ट या शहरात विशेष. जमीन काळ्या पाषाणाची; खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात ओलावा उरत नाही. जुन्या इमारतीत अर्थिंगची तार भिंतीपर्यंत दिसते, पण खाली खड्डा कोरडा पडलेला असतो, तर कधी कोणी ती तार नळाच्या पाइपाला बांधून ठेवलेली असते. ओले कपडे, ओले हात आणि धातूचे यंत्र यांच्या सान्निध्यात असली अर्थिंग नसल्यात जमा. वायरमनकडून ती मोजून घ्यावी. नुसती ‘आहे’ असे ऐकून घेऊ नये. गीझर, एसी आणि ड्रायर एकाच वेळी चालणार असतील तर महावितरणकडे मंजूर असलेला भार पुरेसा आहे का तेही तपासावे. आणि एक मोह कटाक्षाने टाळावा: घरातली लाइन अपुरी पडते म्हणून खालच्या दुकानाच्या मीटरवरून तार वर ओढण्याचा, किंवा उलट. दोन मीटरच्या लाइनी एकमेकांत मिसळल्या, की वायरमनने वरचा स्विच बंद केला तरी तार जिवंत राहू शकते. शिवाय घरगुती जोडणीची वीज दुकानाला वापरणे विद्युत कायद्यान्वये कारवाईला पात्र ठरते. इन्व्हर्टरवर तर हे यंत्र लावूच नये.

व्हेंटेड ड्रायर असेल तर हवेची वाट हा दुसरा कळीचा मुद्दा. एका फेरीत तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडते. ही हवा मोरीत किंवा खोलीतच सोडली तर पंधरा दिवसांत भिंतीला ओल धरते, कपाटातल्या साड्यांना वास येतो आणि ज्या बुरशीपासून सुटका हवी होती तीच घरभर पसरते. जिन्यात किंवा इमारतीच्या बंद डक्टमध्ये सोडली तर ही पीडा शेजाऱ्याच्या घरी जाते. नळी चार इंची, धातूची, शक्य तितकी आखूड आणि सरळ असावी. प्लॅस्टिकची घडीदार नळी स्वस्त पडते, पण तिच्या घड्यांत तंतू अडकतात आणि आग लागली तर ती स्वतःच पेटते. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी बसवण्याचा सल्ला काही कारागीर देतात. तो मानू नये, कारण ती जाळी तंतूंनी काही दिवसांत बुजते. हवेच्या दाबाने उघडणारी आणि यंत्र थांबताच आपोआप मिटणारी झडप बसवावी. या शहरात कबुतरांची संख्या पाहता ती पहिल्याच दिवशी बसवणे इष्ट. उघड्या नळीत एकदा घरटे झाले आणि त्यात अंडी पडली, की जैन घरात पिल्ले उडून जाईपर्यंत ड्रायर बंद राहणार हे उघड आहे.

जागा निवडताना दुकानातील मालाचा विचार हवा. कापडाचे गठ्ठे, कागदी खोकी, तेलाचे डबे यांच्या शेजारी, जिन्याखालच्या कोंदट जागेत, किंवा घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर हे यंत्र ठेवू नये. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे याच शहरात छावणीच्या दाणा बाजार भागात तळमजल्यावरील दुकानाला आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून गेले. त्या आगीचा ड्रायरशी काही संबंध नव्हता. खाली दुकान आणि वर घर असलेल्या वास्तूत धूर किती वेगाने वर चढतो, एवढे मात्र त्या पहाटेने दाखवून दिले. म्हणून रात्री शटर ओढून, जेवणे आटोपून, यंत्र लावून झोपी जाण्याची सोयीस्कर सवय लावून घेऊ नये. ड्रायर चालू असताना घरात कोणीतरी जागे असावे.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने घरगुती ड्रायरमुळे लागणाऱ्या आगींचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत मोठे कारण आढळले ते स्वच्छतेचा अभाव. सुमारे ३४ टक्के आगी त्यामुळे लागल्या होत्या. कपड्यांतून झडणारे तंतू हे पिंजलेल्या कापसासारखे असतात आणि कापूस कसा पेटतो हे कापडाच्या व्यापाऱ्याला सांगायला नको. प्रत्येक फेरीनंतर जाळी साफ करणे हे मिनिटाभराचे काम, पण ते घरातल्या एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवलेले असावे. सर्वांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही. स्वयंपाकघरातील तेल-तुपाने माखलेली फडकी धुतलेली असली तरी ड्रायरमध्ये टाकू नयेत. त्यांतले उरलेले तेल तापते आणि घडी घालून ठेवल्यावरही त्यांतून आग लागल्याची उदाहरणे आहेत. फेरी संपताना यंत्र काही मिनिटे थंड हवा फिरवते. घाईने मध्येच थांबवून गरम कपड्यांचा ढीग करू नये. पैठणी, हिमरू, जरीची वस्त्रे, पूजेची रेशमी धोतरे यांना या यंत्राची हवासुद्धा लागू देऊ नये. ती सावलीत, दांडीवरच वाळावीत.

बसवणीची किरकोळ कामे थोडक्यात सांगता येतील. यंत्र उभेच आणावे. हीट पंपाचे असेल तर आणल्यावर काही तास तसेच उभे ठेवून मग चालू करावे. वॉशिंग मशीनवर चढवायचे असल्यास खालचे मशीन समोरून उघडणारे हवे आणि मध्ये त्याच कंपनीची जोडपट्टी हवी. फळकुट ठोकून केलेली मांडणी पिळणीच्या हादऱ्यांनी सरकते. मागे चार बोटे जागा, समोर दार पूर्ण उघडेल इतकी मोकळीक, आणि खोलीची खिडकी थोडी उघडी, कारण बाहेर जाणारी हवा आत कोठून तरी यावी लागते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊन पुन्हा गच्चीवर येते आणि यंत्राचा हंगाम संपतो. त्या दिवशी प्लग काढून ठेवावा, नळी सोडवून तिच्यातले तंतू झटकून काढावेत, टाकी असेल तर पालथी घालावी. पुढील आठ महिने यंत्र कोपऱ्यात उभे राहील. त्या काळात त्याच्या उबदार पोकळीत पाल, उंदीर, मांजराचे पिल्लू, कोणीही आसरा घेऊ शकते. जूनमध्ये पहिली फेरी लावण्यापूर्वी दार उघडून, ड्रममध्ये आणि नळीत विजेरीचा प्रकाश टाकून नीट पाहावे, आणि मगच बटण दाबावे.